एका नाण्याचे दुकान

(वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून बहुधा मोठमोठे विषय मांडले जातात. मी मात्र आपल्याशी सुई-दोरा, कंगवा, आरसा, बटणे आणि हातरुमाल यांच्याविषयी बोलणार आहे. ज्या दुकानाला आपण ‘कटलरीचे दुकान’ किंवा ‘जनरल स्टोअर्स’ म्हणतो, आणि ज्याचा गाडा बाजाराच्या दिवशी ‘हर एक माल’ अशी हाळी देत उभा राहतो, त्या दुकानाची जगाच्या व्यापारात काय कामगिरी आहे, हे मला सांगायचे आहे. हा मजकूर आता छापील रूपात ज्यांच्या हाती पडेल, त्या वाचकांनीही आपण सभागृहात बसलो आहोत असे समजावे.

हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. आपल्यातील पुष्कळ घरांची चूल दुकानावर पेटते. मुलगा नववी-दहावीत गेला की वडिलांना वाटू लागते, ‘आता गल्ल्यावर बसू दे, शिकून तरी काय करणार?’ आणि मुलालाही वाटते की धंद्याला पुस्तकाची गरज नाही. हे मत बरोबर की चूक, याचा निवाडा मी उपदेशाने करू इच्छित नाही. ज्यांनी एकेका नाण्याच्या वस्तू विकून जगभर दुकाने उभारली, त्यांचे चरित्र आपण पाहू आणि मग निर्णय आपणच करावा.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात रॉडमन नावाचे खेडे आहे. तेथील शेतकरी कुटुंबात १८५२ साली फ्रँक विनफील्ड वूलवर्थ याचा जन्म झाला. शेतीत त्याचे मन रमेना. वॉटरटाउन गावातील कापडाच्या दुकानात तो वयाच्या एकविसाव्या वर्षाच्या सुमारास उमेदवारीला लागला. पहिले तीन महिने बिनपगारी, त्यानंतर आठवड्याला साडेतीन डॉलर. विक्रीच्या कामात तो इतका कच्चा होता की पुढे दुसऱ्या एका दुकानदाराने त्याचा पगार दहा डॉलरवरून आठवर आणला. गिऱ्हाइकाशी बोलून, घासाघीस करून माल गळ्यात मारण्याची कला त्याला साधत नसे. दुकानाची काच सजवणे, माल नीट मांडणे, हे मात्र त्याला उत्तम जमे.

ज्याला बोलून विकता येत नाही, त्याने काय करावे? १८७८ साली वॉटरटाउनच्या दुकानात मालक मूर यांच्या देखरेखीखाली एक प्रयोग झाला. एका टेबलावर किरकोळ वस्तू मांडल्या आणि वर पाटी लावली की यातील कोणतीही वस्तू पाच सेंटला मिळेल. त्या वस्तू हां हां म्हणता संपल्या. तेथे विक्रेत्याने बोलण्याची गरजच उरली नाही, कारण माल स्वतःच बोलत होता आणि किंमत पाटी सांगत होती.

पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी १८७९ रोजी, मूर यांच्याकडून सुमारे तीनशे डॉलरचा माल उधारीवर घेऊन वूलवर्थने युटिका या शहरात स्वतःचे पाच सेंटचे दुकान थाटले. आरंभी गर्दी झाली, पण जागा आडबाजूची असल्याने गिऱ्हाईक टिकले नाही आणि थोड्याच महिन्यांत दुकान बंद करावे लागले. परंतु वूलवर्थने माल आणि जागा यांत फरक केला. कल्पना चुकली नसून ठिकाण चुकले आहे, असे त्याने ताडले. २१ जून १८७९ रोजी पेन्सिल्व्हानिया राज्यातील लँकेस्टर येथे त्याने पुन्हा दुकान उघडले. पहिल्याच दिवशी सुमारे १२७ डॉलरची विक्री झाली. म्हणजे पाच सेंटच्या अडीच हजारांहून अधिक वस्तू एका दिवसात खपल्या! लवकरच त्याने दहा सेंटच्या वस्तूही ठेवण्यास प्रारंभ केला आणि ‘फाइव्ह अँड टेन’ हा शब्द अमेरिकेच्या बोलण्यात रुळला.

ही गोष्ट केवळ एकाच देशात घडली असे नाही. जवळजवळ त्याच सुमारास इंग्लंडमध्ये मायकेल मार्क्स नावाचा एक निर्वासित ज्यू तरुण पाठीवर गाठोडे घेऊन फेरी करीत होता. आज बेलारूसमध्ये असलेल्या स्लोनिम या गावचा तो राहणारा. त्याला इंग्रजी फारसे येत नसे. आयझॅक ड्यूहर्स्ट या घाऊक व्यापाऱ्याने त्याला पाच पौंड उसने दिले, आणि १८८४ साली लीड्स शहराच्या कर्कगेट मंडईत मार्क्सने फळी मांडली. भाव सांगण्यापुरतीही भाषा नसल्यामुळे त्याने पाटीच लावली की किंमत विचारू नका, प्रत्येक वस्तू एक पेनी. या दुकानांना ‘पेनी बझार’ असे नाव पडले. पहा, ‘बाजार’ हा फारसीतला शब्द. आपल्या मराठीत तो जसा आला, तसाच इंग्लंडच्या मजुरांच्या तोंडीही गेला.

मार्क्सला हिशेब ठेवणारा माणूस हवा होता. १८९४ साली ड्यूहर्स्टच्याच पेढीतील रोखपाल टॉमस स्पेन्सर याने तीनशे पौंड घालून निम्मी भागीदारी घेतली आणि ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ ही पेढी जन्माला आली. एकाकडे बाजाराची नजर, दुसऱ्याकडे चोपडी. दोन्ही गुण एकाच माणसात असावेत असा आग्रह नाही. पण दोन्ही गुण दुकानात असलेच पाहिजेत.

आता वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी विचारावे की पाच सेंटमध्ये वस्तू विकणे परवडत कसे होते?

पहिले कारण भांडवलाच्या फेऱ्यांचे. समजा, एका दुकानदाराने हजार रुपयांचा माल भरला आणि शेकडा वीस नफ्याने तो वर्षभरात विकला. त्याला दोनशे रुपये सुटले. दुसऱ्याने तेवढाच माल शेकडा पाच नफ्याने विकला, पण दर महिन्याला संपवून पुन्हा भरला. त्याला वर्षाअखेर सहाशे रुपये सुटले. पहिल्याला वाटते, मी वीस टक्के कमावतो. दुसरा जाणतो की पैसा गल्ल्यात निजला तर तो मेला, फिरला तर वाढला.

दुसरे कारण रोखीचे. ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आपल्याकडील दुकानात गमतीने लावतात. या दुकानांत ती गंमत नव्हती, तो कायदा होता. उधारी नसल्यामुळे वसुलीचा खर्च नाही, बुडीत खाते नाही, आणि कारखानदाराला पैसे वेळेवर देता येतात.

तिसरे कारण खरेदीचे. एका दुकानासाठी बारा डझन कंगवे घेणाऱ्याला घाऊक व्यापारी जो भाव देईल तो घ्यावा लागतो. शंभर दुकानांसाठी कंगवे घेणारा थेट कारखान्यात जातो. वूलवर्थ १८९० साली स्वतः युरोपात गेला आणि जर्मनीतील खेड्यापाड्यांत घरोघरी बनणारी नाताळची काचेची शोभेची फळे, बाहुल्या वगैरे माल त्याने प्रत्यक्ष बनवणाऱ्यांकडून घेतला. एका दुकानाने जे साधत नाही ते साखळीने साधते. साखळीचे खरे बळ विक्रीत नसून खरेदीत आहे.

चौथे कारण मांडणीचे. जुन्या दुकानांत माल फळीवर, पेटीत, मालकाच्या पाठीमागे असे. गिऱ्हाइकाने मागावे आणि मालकाने काढून दाखवावे. गरीब बाईला चार वस्तू काढायला सांगून एकही न घेता जाण्याची भीड वाटे. नव्या दुकानात माल उघडा मांडलेला, प्रत्येकावर ठरलेली किंमत. मजुराची बायको असो वा गिरणीमालकाची, दोघींना एकच भाव. मित्रहो, ठरलेली किंमत ही केवळ सोय नाही. ज्याला घासाघीस करता येत नाही अशा लहान मुलाला, परक्याला आणि अडाण्यालाही ती न्याय देते.

या चार गोष्टींवर वूलवर्थचा पसारा वाढत गेला. १९०९ साली त्याने इंग्लंडात लिव्हरपूल येथे दुकान उघडले. तेथे तीन आणि सहा पेन्सचा माल असे. १९१२ साली त्याचा भाऊ, चुलतभाऊ आणि इतर मित्र-प्रतिस्पर्धी यांच्या साखळ्या एकत्र आल्या आणि ५९६ दुकानांची एक कंपनी झाली. त्या भागीदारांत वॉटरटाउनचे त्याचे जुने मालक मूर हेही होते. ज्यांनी पहिला माल उधार दिला त्यांना शिष्य विसरला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढल्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ७९२ फूट उंचीची वूलवर्थ इमारत पुरी झाली. १९३० पर्यंत ती जगातील सर्वांत उंच इमारत होती. तिच्या दालनात एक कोरीव आकृती आहे. तीत वूलवर्थ नाणी मोजीत बसला आहे.

येथवरची कथा ऐकून आपणांस वाटेल की हा निव्वळ यशाचा पोवाडा आहे. तसे नाही. नाण्याला दुसरी बाजू असते, आणि ती दाखवल्यावाचून मी हे व्याख्यान संपवले तर आपली फसवणूक होईल.

भाव ठरलेला, माल उघडा, म्हणून कुशल विक्रेत्याची गरज नाही. आणि कौशल्याची गरज नाही म्हणून पगारही कमी! या दुकानांत बहुतेक तरुण मुली कामाला असत आणि त्यांना अत्यल्प वेतन मिळे. गिऱ्हाइकाला जी वस्तू स्वस्त पडे, तिची उरलेली किंमत काउंटरमागे उभी असलेली मुलगी भरीत होती. २७ फेब्रुवारी १९३७ रोजी डेट्रॉइट शहरातील वूलवर्थच्या दुकानात शंभराहून अधिक मुलींनी काम थांबवले आणि दुकान न सोडता तेथेच मुक्काम ठोकला. आठवड्याभराने कंपनीला तडजोड करावी लागली आणि तासामागे पाच सेंट पगारवाढ मिळाली. पाच सेंट! ज्या नाण्यावर ही सारी इमारत उभी राहिली, तेच एक नाणे मिळवण्यासाठी मुलींना जमिनीवर झोपावे लागले.

याउलट इंग्लंडात मायकेल मार्क्सचा मुलगा सायमन मार्क्स याने १९३० नंतरच्या दशकात फ्लोरा सॉलोमन या बाईंच्या हाती नोकरांच्या कल्याणाचे खाते सोपवले. त्यातून विक्रेत्या मुलींसाठी दुकानातच जेवणाची व वैद्यकीय सेवेची व्यवस्था उभी राहिली. म्हणजे स्वस्त माल आणि पोटभर जेवलेला नोकर या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्याच धंद्यातील माणसांनी दाखवून दिले.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे आणि ती विद्यार्थ्यांनी घडवली आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात ग्रीन्सबरो नावाचे शहर आहे. तेथील वूलवर्थच्या दुकानात काळ्या माणसाला कंगवा विकत घेता येई, दंतमंजन घेता येई. परंतु त्याच दुकानातील खाण्याच्या काउंटरवर त्याला बसता येत नसे. १ फेब्रुवारी १९६० रोजी कृषी व तांत्रिक महाविद्यालयातील चार काळे विद्यार्थी दुकानात शिरले. त्यांनी आधी किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या, आणि मग खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले. एका काउंटरवर आमचा पैसा चालतो, तर दुसऱ्या काउंटरवर आम्ही का चालत नाही, हा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांना काही दिले गेले नाही. ते दुकान बंद होईपर्यंत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, आठवडाभरात शेकडो झाले, आणि पाहता पाहता अनेक शहरांत हे लोण पसरले. कोणी हात उगारला नाही, कोणी काच फोडली नाही. २५ जुलै १९६० रोजी त्या काउंटरवर काळ्या माणसांना वाढण्यात आले. त्या चौघांपैकी एझेल ब्लेअर यांनी पुढे १९६८ साली इस्लाम धर्म स्वीकारला आणि जिब्रील खजान हे नाव घेतले. त्या जागी २०१० पासून नागरी हक्कांचे संग्रहालय आहे.

‘सर्वांना एकच भाव’ असे म्हणणाऱ्या दुकानाला ‘सर्वांना एकच आसन’ हे शिकवायला चार विद्यार्थी यावे लागले. किंमत समान ठेवणे सोपे असते. माणूस समान मानणे अवघड असते.

आता या साखळ्यांचे पुढे काय झाले? पाच-दहा सेंटची मर्यादा टिकली नाही. वूलवर्थने १९३२ साली ती वीस सेंटवर नेली आणि १९३५ साली सोडूनच दिली. डब्ल्यू. टी. ग्रँट नावाच्या दुसऱ्या एका साखळीचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. १९०६ साली पंचवीस सेंटच्या वस्तूंपासून सुरू झालेल्या या साखळीने पुढे विक्री वाढावी म्हणून गिऱ्हाइकांना सढळ हाताने उधारी देण्यास प्रारंभ केला. विक्रीचे आकडे फुगले, वसुली झाली नाही, आणि १९७६ साली सारी दुकाने मोडीत निघाली. जो नियम पाळून धंदा वाढला होता, तोच मोडला.

१९६२ हे वर्ष ध्यानात ठेवा. त्या एका वर्षात अमेरिकेत चार नव्या प्रकारची सवलतीची मोठी दुकाने निघाली. क्रेस्गी कंपनीचे केमार्ट, डेटन कंपनीचे टार्गेट, वूलवर्थचे वूलको आणि सॅम वॉल्टन याचे वॉलमार्ट. हा वॉल्टन मूळचा ‘बेन फ्रँकलिन’ नावाच्या साखळीचा एक साधा परवानाधारक दुकानदार. १९४५ साली त्याने न्यूपोर्ट गावात सासऱ्याकडून वीस हजार डॉलर कर्ज घेऊन दुकान घेतले आणि पाच वर्षांत त्याची विक्री तिपटीहून अधिक वाढवली. पण भाडेपट्टा पुढे वाढवून मिळण्याचे कलम त्याने करारात घालून घेतले नव्हते. १९५० साली घरमालकाने जागा स्वतःच्या मुलासाठी मागितली आणि चालते दुकान वॉल्टनच्या हातून गेले. पागडी आणि भाडेपावती यांचे महत्त्व आपल्याकडील दुकानदारांना वेगळे सांगावयास नको. पुढच्या गावी, बेंटनव्हिल येथे, वॉल्टनने ९९ वर्षांचा पट्टा करून घेतला! लहान गावांत कमी नफ्याची मोठी दुकाने काढू, असा प्रस्ताव घेऊन तो साखळीच्या चालकांकडे गेला, तेव्हा त्यांनी नकार दिला. मग त्याने स्वतःच दुकान काढले. पुढचा इतिहास जगाला ठाऊक आहे.

वूलकोची अमेरिकेतील दुकाने १९८३ पर्यंत बंद झाली. अमेरिकेतील वूलवर्थची उरलेली दुकाने १९९७ साली बंद करण्यात आली, आणि इंग्लंडातील आठशेहून अधिक दुकाने २००९ च्या जानेवारीपर्यंत मिटली. सुमारे सत्तावीस हजार माणसांची रोजी गेली. केमार्टने २००२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. याचा अर्थ एका नाण्याचे दुकान संपले असा मात्र नव्हे. जपानात शंभर येनची दुकाने आहेत, अमेरिकेत डॉलरची आहेत. आपल्याकडे मुंबईत पवई येथे २००२ साली पहिले डी-मार्ट निघाले, त्याचेही गणित थोडा नफा आणि झपाट्याने फिरणारा माल हेच आहे. संस्था मरतात, तत्त्व उरते.

शेवटी, ज्या प्रश्नाने मी आरंभ केला त्याकडे वळतो. धंद्याला शिक्षण हवे की नको?

केंटकी राज्यात जे. एल. टर्नर नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. वयाच्या अकराव्या वर्षी वडील वारले, घराचा भार अंगावर पडला आणि तिसरीतच शाळा सुटली. त्यांना धड वाचता येत नसे. तरी १९३९ साली मुलगा कॅल याच्यासह प्रत्येकी पाच हजार डॉलर घालून त्यांनी घाऊक व्यापार सुरू केला. त्यातूनच १९५५ साली ‘डॉलर जनरल’ हे दुकान निघाले. आज त्या साखळीची दुकाने अठरा हजारांहून अधिक आहेत. आपल्यापैकी कोणी म्हणेल, ‘पहा, अडाणी माणसाने एवढे केले!’ खरे आहे. पण त्या माणसाच्या वंशजांनी त्याच्या स्मरणार्थ काय उभारले? पुतळा नव्हे, इमारत नव्हे. १९९३ साली कंपनीने साक्षरता प्रतिष्ठान स्थापन केले, जे शिकायचे राहून गेलेल्या प्रौढांना आणि मुलांना वाचायला शिकवण्यासाठी पैसा देते. न शिकता यश मिळवणाऱ्याच्या घरानेच शिक्षणाच्या बाजूने दिलेली ही साक्ष आहे. याहून मोठी साक्ष कोणती?

केमार्ट काढणाऱ्या कंपनीचे संस्थापक सेबॅस्टियन क्रेस्गी यांनी १९२४ साली प्रतिष्ठान स्थापून शिक्षणसंस्थांना अपार साहाय्य केले. सॅम्युअल क्रेस हे तारुण्यात शाळामास्तर होते. पगारातून पैसा साठवून त्यांनी दुकान घेतले, आणि पुढे जमवलेली अमूल्य चित्रे राष्ट्रीय कलादालनाला देऊन टाकली. एकेक नाणे गोळा करणाऱ्या या माणसांना अखेरीस एकच गोष्ट टिकाऊ वाटली, ती म्हणजे विद्या.

तेव्हा पालकहो, मुलाला दुकानात जरूर बसवा. संध्याकाळी बसवा, सुट्टीत बसवा. गिऱ्हाइकाशी कसे वागावे हे पुस्तकात मिळत नाही. पण त्याच्या हातची वही काढून घेऊ नका, आणि मुलीच्या हातची तर मुळीच नको. हिशेब, करार, कायदा आणि जगाची खबर यांवाचून आजचा दुकानदार दुसऱ्याच्या साखळीतली एक कडी होऊन राहील.

आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान काढील, तेव्हा चार गोष्टींची याद ठेवा. भाव एक ठेवा. उधारी जपून द्या. काउंटरच्या मागे उभ्या असलेल्या माणसाचे पोट विसरू नका. आणि काउंटरसमोर येणाऱ्या कोणालाही, त्याच्या हातात एकच नाणे असले तरी, उभे ठेवू नका. बसायला जागा द्या.